सातवर सह्याद्री

आमच्या सासूबाईंना चॅनलांची नावं ठाऊक नाहीत, नंबर ठाऊक आहेत. ७ म्हणजे सह्याद्री, २१ म्हणजे भजन, ३४ म्हणजे "तो जाड्या ओरडून बातम्या सांगतो ते". रिमोटवरचे आकडे कधीच पुसून गेलेत. पण आईंचा अंगठा अंधारातसुद्धा नेमका जागेवर पडतो, पेटीवाल्याचं बोट सुरावर पडावं तसा.

गेल्या महिन्यात त्या अंगठ्याखालची जमीन सरकली.

आमच्याकडे फ्री डिश आहे. २००४च्या डिसेंबरात डीडी डायरेक्ट प्लस या नावानं सुरू झालेली दूरदर्शनची सेवा. छत्री आणि बॉक्स एकदा घेतला की महिन्याचं भाडं शून्य. अण्णांनी, म्हणजे सासऱ्यांनी, ते 'शून्य' ऐकलं आणि पुढचं काही ऐकलंच नाही. नारायण पेठेतल्या आमच्या गच्चीवर छत्री लागली, बाजारातला एक साधा बॉक्स टीव्हीशेजारी बसला.

पुढचं ऐकायला हवं होतं. या सेवेवरच्या जागांचा लिलाव होतो. पैसे भरले की चॅनल येतो, मुदत संपली की बिऱ्हाड उचलतो. २०१९च्या मार्चात तर करमणुकीचे बडे चॅनल एकदमच उठून गेले, पुढच्या वर्षी परत आले, २०२२मध्ये पुन्हा गेले. रुसून माहेरी जाणाऱ्या नणंदाही एवढ्या फेऱ्या मारत नाहीत. (मला नणंद नाही, म्हणून हे वाक्य छापता येतंय.)

अशी उलथापालथ झाली की बॉक्सला नव्यानं शोध घ्यायला लावायचा. या वेळी ते काम माझ्या लेकीनं, ईरानं केलं आणि त्यात 'जुनं सगळं पुसू का?' या प्रश्नाला आधुनिक पिढीचं उत्तर दिलं. आता जो चॅनल आधी सापडला त्याला आधीचा नंबर! पहिल्या पाचांत 'टेस्ट' नावाचे तीन काळे पडदे. काही चॅनल दोनदा. एमपीइजी-४ या नव्या पद्धतीनं चित्र पाठवणारे म्हणून आमच्या जुनाट बॉक्सला न झेपणारे काही, त्यांचं नुसतं नाव दिसतं. आणि सह्याद्री ८३वर.

"अगं, सातवर कोणीतरी भोजपुरीत रडतंय," आई म्हणाल्या. आवाज असा, की जणू मीच त्याला रडवलंय.

रिमोटनं चॅनल हलवता येतो. मेनू, चार शून्यांचा पासवर्ड, पिवळं बटण, मग बाण. एका दाबात एक पायरी. ८३वरून ७वर म्हणजे ७६ दाब, आणि मधे अंगठा घसरला की बॉक्स 'सेव्ह?' विचारून स्वतःच 'नाही' म्हणतो. मेकॅनिकला फोन केला. तो म्हणाला साडेतीनशे. अण्णांनी माझ्याकडे असं बघितलं, की शून्य आणि साडेतीनशे यांमधली दरी मीच खणली असावी.

तेव्हा ऑफिसातल्या एकानं सांगितलं, ही यादी कॉम्प्युटरवर घेता येते. तिथे हवी तशी लावायची आणि परत बॉक्समध्ये भरायची. मला हसूच आलं. एकवीस वर्षं मी लोकांचे ताळेबंद जुळवते. शे-दीडशे ओळींची यादी ती काय!

केबल आणायला तापकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेले.

"नऊ पिनांची सीरियल केबल द्या."

"क्रॉस का सरळ?"

"फरक काय?"

दुकानदारानं चष्म्यावरून बघितलं. "सरळमध्ये तोंडाला तोंड लागतं. क्रॉसमध्ये तोंडाला कान."

इतकं स्वच्छ स्पष्टीकरण मला कुठल्याही माहितीपुस्तिकेत मिळालं नव्हतं. दोन नंबरची पिन ऐकते, तीन नंबरची बोलते. एका टोकाची दोन दुसऱ्या टोकाच्या तीनला जोडली तरच संवाद. सरळ केबल लावली की दोघंही एकाच तारेवर बोलतात, आणि ऐकण्याच्या तारेवर शुकशुकाट. आमच्या सोसायटीची वार्षिक सभा सरळ केबलवर चालते. मी क्रॉस घेतली. लॅपटॉपला सीरियलचं भोकच नसतं, म्हणून यूएसबीला जोडायचा एक तुकडाही घेतला. दोन्ही मिळून पावणेचारशे. अण्णांना सांगितलं नाही.

लॅपटॉपनं त्या तुकड्याला कॉम १४ असा नंबर दिला. सॉफ्टवेअर इतकं जुनं, की त्याची मोजणी कॉम ४ला संपायची. एक संध्याकाळ चौदाचे चार करण्यात गेली. मग संवादाचा वेग, सेकंदाला ११५२०० बिट. मग पडद्यावर आलं, 'बॉक्सची वाट पाहत आहे'. आणि इथे खरी गंमत. बॉक्स आधीपासून चालू असून भागत नाही. आधी कॉम्प्युटरवर बटण दाबायचं, आणि तो वाट बघत असताना बॉक्सला भिंतीवरच्या बटणापासून सुरू करायचं. बॉक्स टीव्हीमागे, भिंतीवरचं बटण सोफ्यामागे, आणि केबल दीड मीटरची. म्हणून मी फरशीवर मांडी घालून टीव्हीच्या टेबलामागे, आणि नवरा सोफ्यामागे पालथा. एकमेकांना दिसत नाही.

"दाबू का?"

"थांब!"

"आता?"

"अरे, मी अजून दाबलं नाही. मी दाबल्यावर तू दाब."

"तू दाबलंस हे मला कसं कळणार?"

"मी 'दाब' म्हणेन."

"आत्ता म्हणालीस ते तेच होतं का?"

नवव्या खेपेला जमलं. तोवर खालच्या मजल्यावरच्या काकू 'कोणाला लागलंय का?' म्हणून बघून गेल्या.

यादी पडद्यावर उलगडली आणि जीव सुखावला. ओळी, रकाने, आकडे. माझंच राज्य! प्रत्येक ओळीत चॅनलचं नाव, मग फ्रीक्वेन्सी, ध्रुवीकरण, सिम्बॉल रेट (खाली बघत जावं तर सगळीकडे २९५००), मग सर्व्हिस नंबर, चित्राचा पीआयडी (म्हणजे ओळखक्रमांक), आवाजाचा पीआयडी. वर जीसॅट-१५, ९३.५ अंश पूर्व. नोव्हेंबर २०१५मध्ये फ्रेंच गयानातून उडालेला हा उपग्रह सुमारे ३६ हजार किलोमीटरवरून आईंना भजन ऐकवतो, आणि आम्हाला आठ फुटांवरून धड 'दाब' ऐकू येत नव्हतं.

बातमी फुटल्याबरोबर अर्ज आले. अण्णांना सगळ्या बातम्या एका रांगेत, पण 'ओरडणारे वगळून', म्हणजे उरलं फारच थोडं. नवऱ्याला खेळ वर. ईराला कार्टून एक नंबरवर, आणि तिचं म्हणणं असं की घोटाळा तिनं केला म्हणून पहिला हक्क तिचा. आईंनी अर्ज केलाच नाही. त्या म्हणाल्या, "होतं तसं कर."

होतं तसं कोणाला आठवत होतं? फक्त त्यांच्या अंगठ्याला. मग रात्री मी त्यांच्या हातात बंद टीव्हीचा रिमोट दिला आणि विचारत गेले, आई, भजन? अंगठा हलायचा, मी लिहून घ्यायचे. हे चालू असताना त्यांनी १९७३ सालही सांगून टाकलं. सिंहगडावर दूरदर्शनचं केंद्र आलं तेव्हा घरोघरचे अँटेने गडाकडे तोंड करून उभे असायचे. चित्र हललं की कोणीतरी गच्चीत जायचं आणि खालून कोणीतरी ओरडायचं, आलं का? "एकच चॅनल होतं बाई. हरवायचं कुठे?" आता छत्रीनं गडावरून तोंड वळवून आग्नेयेकडे केलंय, हेही त्यांना पटलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी यादी एक्सेलमध्ये काढली, आईंचे नंबर नावांच्याच रकान्यात, नावांच्या आधी टाकले आणि तो रकाना निवडून क्रम लावायला सांगितलं. एक्सेलनं अदबीनं विचारलं, शेजारचे रकानेही बरोबर हलवू, की फक्त निवडलेलेच? हा प्रश्न मी ऑफिसात नव्या मुलांना पहिल्याच दिवशी शिकवते. याच प्रश्नाचं चुकीचं उत्तर दिलं म्हणून एका मुलाला मी चहाच्या वेळेत सर्वांदेखत बोलले होते. त्या क्षणी कुकरची तिसरी शिट्टी झाली आणि मी जे दाबलं ते दाबलं. नंबर आणि नावं निवडलेली होती, ती हलली. बाकीचे आकडे होते तिथेच बसून राहिले.

नाव म्हणजे दारावरची पाटी हो. टपाल जातं ते आकड्यांवर. सोफ्यामागचा सोहळा पुन्हा पार पडला, यादी बॉक्समध्ये गेली, आईंनी सात दाबला. पाटी आली, सह्याद्री. आणि पाटीच्या वर दोन तेल लावलेले पैलवान.

"कार्यक्रम बदललेत वाटतं," आई म्हणाल्या.

एकवीसवर भजनाच्या नावाखाली शेअर बाजार. एका कार्टूनच्या जागी आयुर्वेदिक चूर्ण. अण्णांच्या शांत बातम्यांत नागिणीचा सूड. तो मात्र ते शेवटपर्यंत बघत बसले. मूळ यादीची प्रत मी ठेवली नव्हती. प्रत ठेवा, हेही मी ऑफिसात शिकवते.

मार्चअखेर आलेली, त्यामुळे दुरुस्तीला तीन आठवडे लागले. अखेर एका रविवारी नवा शोध, नवी यादी, सगळे रकाने हातात हात घालून. सात दाबला, पाटी सह्याद्री, चित्रही सह्याद्री. मी आईंना हाक मारली.

आईंनी बघितलं. मग भिंतीवरचं कालनिर्णय काढून उलटं केलं. पाठीमागे पेन्सिलीनं नीट ओळी आखलेल्या, काय हवं आणि ते कुठल्या पाटीखाली, कितव्या नंबरावर: भजन – कार्टून १२. सह्याद्री – चूर्ण ४०. अण्णांची नागीण – बातम्या ३.

"तीन आठवडे लागले मला पाठ करायला," त्या म्हणाल्या. "आज कुठे सगळं हाताला बसलं होतं."

या वेळी चुकलेल्या यादीचीसुद्धा प्रत ठेवली होती. मी केबल काढली, टेबलामागे मांडी घातली. सोफ्यामागून आवाज आला, "दाबू का?"