"बादल्या घेऊन पळणारे लोक"

आज ऑफिसात फायर सेफ्टीचं ट्रेनिंग होतं. पिन कशी काढायची, लिफ्ट का वापरायची नाही, सगळं नीट शिकवलं. पण सुरुवातीला 'अग्निशमनाचा इतिहास' अशी एकच स्लाइड होती आणि तिच्यावर एक कार्टून. लोक बादल्या घेऊन सैरावैरा पळतायत, एकमेकांच्या अंगावर पाणी सांडतायत. ट्रेनर म्हणाले, "आधी हे असं असायचं, कुणीही उठायचं आणि बादली घेऊन पळायचं. मग प्रॉपर फायर ब्रिगेड आली." सगळे हसले. मी हसले नाही, पण बोललेही नाही, आणि त्याचाच आता जास्त राग येतोय म्हणून रात्री बसून हे टाइप करतेय.

माझ्या जवळच्यांना माहितीये. आमच्या घराला आग लागली तेव्हा मी ९ वर्षांची होते. बंब यायच्या आधी जिन्यात माणसांची रांग लागली होती, खालच्या नळापासून थेट आमच्या दारापर्यंत, भरलेल्या बादल्या हातोहात वर येत होत्या आणि रिकाम्या दुसऱ्या बाजूने खाली जात होत्या. कुणी सैरावैरा पळत नव्हतं हो. समोरच्या काकू गाऊनवरच उभ्या होत्या, त्यांच्या खालच्या पायरीवर एक माणूस होता ज्याला आमच्यापैकी कुणीच ओळखत नव्हतं. बंब आला, त्यांनी आग विझवली, त्यांचे उपकार आहेतच. पण तोपर्यंत ती एकाच खोलीत का अडकून राहिली हे मला माहितीये. सकाळी जिन्यात एक बादली उरली. पत्र्याची, कडी वाकलेली. आईने सगळ्यांना विचारलं, कुणाचीच नव्हती.

तर इतिहास. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात ७ डिसेंबर १७३६ ला बेंजामिन फ्रँकलिनने युनियन फायर कंपनी नावाचं स्वयंसेवी दल काढलं. ३० माणसं, सगळी आपापले धंदे करणारी. प्रत्येकाने ठरलेल्या संख्येने चामड्याच्या बादल्या आणि सामान वाचवायला थैल्या-टोपल्या घरात कायम तयार ठेवायच्या, आगीची हाक आली की घेऊन निघायचं. महिन्यातून एकदा संध्याकाळी मीटिंग, आगीबद्दल कुणाला काय सुचलं ते एकमेकांना सांगायचं, आणि जो येणार नाही त्याला दंड. त्या दंडाच्या पैशातून पुढे अशा कंपन्यांनी बंब, शिड्या आणि आकडे (हुक) घेतले. गैरहजेरीच्या दंडातून बंब! याला काय म्हणायचं, कुणीही उठायचं आणि पळायचं?

आणि बादली नसली की काय होतं तेही लिहून ठेवलंय. दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला निकोमिडिया नावाच्या शहरात मोठी आग लागली. तिथला रोमन गव्हर्नर प्लिनी सम्राट ट्राजनला कळवतो की लोक नुसते उभे राहून बघत होते, सार्वजनिक ठिकाणी ना पंप होता ना एक बादली. मग तो विचारतो, १५० कारागिरांचं एक दल उभारू का, मी स्वतः लक्ष ठेवीन. ट्राजन नाही म्हणाला. का, तर माणसं कुठल्याही नावाने एकत्र आली की पुढे त्यांचे राजकीय गट होतात. साधनं ठेवा म्हणाला, ज्याचं घर त्याने वापरावीत आणि लागलं तर जमलेल्या गर्दीची मदत घ्यावी. म्हणजे शहर जळालं तरी चालेल पण शेजारी शेजाऱ्यासोबत संघटित नको. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आमचा जिना आठवला, आणि वाटलं, त्या रात्री सगळे खाली उभे राहून नुसते बघत असते तर.

बरं, मान्य, अमेरिकेत पुढे या कंपन्यांची भांडणं व्हायची, नळ आधी कुणी पकडायचा यावरून रस्त्यात मारामाऱ्या, आणि त्याला कंटाळूनच १८५३ मध्ये सिनसिनाटीने पगारी दल आणि वाफेचे बंब आणले, न्यूयॉर्कने १८६५ मध्ये. दाट वस्तीला चोवीस तास पगारी, शिकलेली माणसं लागतातच, माझं त्याला काही म्हणणं नाही.

पण म्हणून बाकीचे पुसून टाकायचे? जर्मनीत आजही जवळपास १० लाख लोक स्वयंसेवी दलांत आहेत, पगारी त्यांच्यापुढे मूठभर. म्यूनिचसारख्या मोठ्या शहरातही पगारी दलाच्या जोडीला स्वयंसेवी दल आहेच. अमेरिकेत आज दर तीन फायरफायटरांमागे साधारण दोन स्वयंसेवक. हे 'आधी असायचं' नाहीये, आज रात्री पण कुणीतरी जेवता जेवता ताटावरून उठून गेलं असेल.

चिलीचं मात्र शांतपणे सांगते. ८ डिसेंबर १८६३ ला सँटियागोत कंपनीया चर्चला आग लागली, आत प्रार्थनेला दाटीवाटीने माणसं जमलेली, बहुतेक बायका. सुमारे २,००० जीव गेले. शहरात धड दल नव्हतं. तीन दिवसांनी एका तरुणाने पेपरात जाहिरात दिली, ज्यांना स्वयंसेवी दल काढायचंय त्यांनी या, आणि २० डिसेंबरला दल उभं. बारा दिवसांत. अजून प्रेतांचा शोक चालू असताना. चिलीच्याच व्हॅल्पराइसो शहरात असं दल १८५१ पासूनच होतं. आजही चिलीच्या अग्निशमन दलांत आग विझवणारे स्वयंसेवकच आहेत, पगार तर नाहीच, उलट महिन्याची वर्गणी स्वतः भरतात. हे लिहिताना मला थोडा वेळ थांबावं लागलं.

आणि मग परत संताप येतो. २०१९ च्या शेवटी ऑस्ट्रेलिया जळत होतं, न्यू साउथ वेल्समधले स्वयंसेवक आठवडेच्या आठवडे रजा काढून, धंदा बंद ठेवून वणव्यात उभे होते, आणि त्यांना भरपाई द्या म्हटल्यावर पंतप्रधान काय म्हणाले, तर ते थकलेत पण त्यांना तिथे असायचंच आहे. असायचंच आहे म्हणून घरचा हप्ता माफ होतो का? डिसेंबरअखेरीला दिवसाला ३०० डॉलरपर्यंत, जास्तीत जास्त ६,००० असं जाहीर झालं, तेही ओरड झाल्यावर. फुकट करतात म्हणून गृहीत धरायचं आणि फुकट करतात म्हणूनच हसायचं, दोन्ही एकच.

एक गोष्ट मला अलीकडे कळली. त्या जुन्या चामडी बादल्यांवर मालकाचं नाव रंगवलेलं असायचं, कारण रांगेत सगळ्यांच्या बादल्या एकत्र व्हायच्या आणि आग विझल्यावर ज्याची त्याला परत द्यायला लागायची. हे वाचलं आणि मी उठून आमची बादली उलटी करून बघितली. इतक्या वर्षांत कधी बघितलीच नव्हती. तळाला पांढऱ्या ऑइलपेंटची दोन अक्षरं आहेत, पहिलं 'स' आहे, दुसरं खरवडून गेलंय.

आईने त्यानंतर तीन घरं बदलली, तिन्ही वेळा ती बादली सोबत आली. फेकू देत नाही. म्हणते, ज्याची आहे त्याला लागेल.

फोटो जोडलाय, दुसऱ्या फोटोत तळ आहे. नीट बघा, आणि तुमच्या घरातल्या जुन्या माणसांना पण दाखवा. कुणाला ओळखू आली तर कळवा, मी स्वतः घेऊन येते.