'एस्केपिंग बंद करा' म्हणणाऱ्या पोस्टचं काय करायचं?

एक्सएसएलटी या रूपांतराच्या भाषेत एक्सएमएलवरून एचटीएमएल करताना विशेष चिन्हं बिघडली, की प्रत्येक 'व्हॅल्यू-ऑफ'ला (मजकूर निकालात टाकणाऱ्या सूचनेला) 'डिसेबल-आउटपुट-एस्केपिंग' यस लावून टाका, असं सांगणारी पोस्ट सगळीकडे फिरतेय. त्याच यसने 'एनबीएसपी', म्हणजे न तुटणारी मोकळी जागा, लिहा; मजकूर सीडेटात, म्हणजे 'आतलं जसंच्या तसं घ्या' सांगणाऱ्या खुणेत, गुंडाळा; स्क्रिप्टमधल्या चिन्हांनाही यस लावा; आणि पानावर टोपीवाला 'ए' दिसला तर तो एक्सएसएलटीचा बग, हेही तिच्यात आहे. आता ती माझ्या धाकट्या भावापर्यंत पोचली आणि त्याच्या स्टाइलशीटमध्ये (रूपांतराचे नियम असलेल्या फाइलमध्ये) दर दुसऱ्या ओळीला हे यस! म्हणून लिहावं लागतंय.

हा पहिला सल्लाच सगळ्यात घातक. मजकुरातल्या कोनी कंसाला ब्राउझरने टॅग समजू नये, यासाठी एस्केपिंग, म्हणजे त्या कंसाऐवजी त्याचं सांकेतिक रूप लिहिणं, असतं. ते बंद केल्यावर कुणी प्रतिक्रियेत स्क्रिप्ट टॅग लिहिला, तर तो पानावर नुसता दिसणार नाही, चालेल. शिवाय हे यस पाळायचं बंधन प्रोसेसरवर, म्हणजे स्टाइलशीट चालवणाऱ्या प्रोग्रामवर, नाहीच. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीची १९९९ची एक्सएसएलटी १.० शिफारस उघडा, विभाग १६.४: ही सोय देणं प्रोसेसरला सक्तीचं नाही, आणि दुसरा मार्ग नसेल तेव्हाच ती वापरावी. फायरफॉक्स ती देत नाही, कारण तो निकाल मजकूर म्हणून लिहीतच नाही; तयार झालेला ट्री (पानाच्या घटकांची रचना) थेट दाखवतो. एस्केपिंग होतं ते लिहिताना. लिहिणंच नाही, तर बंद काय करणार? म्हणून पोस्टमधली 'एनबीएसपी'ची युक्ती तिथे ती अक्षरंच पानावर आणते. एक्सएमएलला मुळात पाचच एन्टिटी (चिन्हांसाठीची नावं) ठाऊक असतात, त्यांत एनबीएसपी नाही. १६० हा कॅरेक्टर क्रमांक द्या, झालं.

बरं, एवढं मान्य: फीडमध्ये आधीच एस्केप केलेलं एचटीएमएल आलं असेल आणि हाताशी १.०च असेल, तर कधीकधी हाच मार्ग उरतो. तोही स्रोत भरवशाचा असेल तर.

सीडेटात गुंडाळा म्हणे. पार्सरने वाचल्यावर सीडेटा आणि एस्केप केलेला मजकूर यांत स्टाइलशीटला फरकच दिसत नाही. स्क्रिप्टमधल्या चिन्हांसाठीही यस नको. आउटपुट मेथड (निकालाचा प्रकार) एचटीएमएल असली की स्क्रिप्ट आणि स्टाइलमधला मजकूर तसाही एस्केप होत नाही.

टोपीवाला 'ए' दिसतो तो एक्सएसएलटीचा बग, हे तर अगदीच काहीतरी. क्रमांक १६०, म्हणजे तोच एनबीएसपी, यूटीएफ-८ या एनकोडिंगमध्ये (अक्षरं बाइटांत लिहायच्या पद्धतीत) सी२ आणि ए० अशा दोन बाइटांत जातो. वाचणाऱ्याने लॅटिन-१ हे जुनं एनकोडिंग धरलं, की सी२चा टोपीवाला ए होतो. सर्व्हर कोणता कॅरेक्टर सेट सांगतोय ते बघा. सर्व्हर आपल्या हातात नसेल, तर आउटपुटचं एनकोडिंग यूएस-आस्की (फक्त साधी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असलेलं) ठेवा. मग आस्कीबाहेरचं प्रत्येक अक्षर आकडी संदर्भ (क्रमांकाने लिहिलेलं रूप) होऊन निघतं. देवनागरी मजकुराची फाइल फुगेल, पण बिघडणार नाही.

एखादं चिन्ह ठरावीक रूपातच हवं असेल, तर २००७च्या एक्सएसएलटी २.०मध्ये कॅरेक्टर मॅप (कोणतं चिन्ह कसं लिहायचं याची यादी) आहे. पोस्टचं लाडकं यस त्याच आवृत्तीने कालबाह्य ठरवलं. ब्राउझरमध्ये मात्र १.०च असतं, तिथे हा मॅप मिळणार नाही.