अज्ञात कलाकाराची कृपा

परवा रात्री एक गाणं ऐकावंसं वाटलं. एकच, साडेतीन मिनिटांचं. १२८ केबीपीएसच्या (सेकंदाला १२८ किलोबिट) एमपीथ्रीला मिनिटाला साधारण एक एमबी लागते, म्हणजे फाइल साडेतीन एमबीची. ती वाजवणारं सॉफ्टवेअर मात्र काहीशे एमबीचं. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

उघडल्या उघडल्या ते म्हणालं, ‘नवी आवृत्ती आली आहे.’ मी म्हटलं, नंतर. मग म्हणालं, ‘लायब्ररी अद्ययावत होत आहे.’ आदल्या रात्रीपासून मी एकही गाणं आणलेलं नव्हतं, तरी संगणकाचा पंखा घरघरायला लागला.

अशा वेळी हमखास विनॅम्प हा गाणी वाजवणारा जुना प्रोग्रॅम आठवतो. १९९७ साली तो आला तेव्हा १.४४ एमबीच्या फ्लॉपीत मावायचा. फाइल दिली की वाजवायचा. माझ्या आवडीनिवडीशी त्याला काही देणंघेणं नव्हतं, आणि आमचं छान चाललं होतं.

असो. शोधात गाण्याचं नाव घातलं. सॉफ्टवेअरच्या ऑनलाइन दुकानातली चाळीस गाणी आली, दोन पॉडकास्ट आले. माझ्याच डिस्कवरचं माझं गाणं तेवढं आलं नाही.

मग कलाकारांची यादी उघडली. तिथे एकच गायिका तीनदा. एकदा पूर्ण नावाने, एकदा आद्याक्षरांनी आणि एकदा पुन्हा पूर्ण नावाने. या तिसरीत काय वेगळं, हे शोधण्यात माझी वीस मिनिटं गेली. नावाच्या शेवटी एक जादा स्पेस होती. डोळ्यांना न दिसणाऱ्या त्या स्पेसमुळे सॉफ्टवेअरच्या लेखी ही बाईच निराळी!

हा सगळा टॅगचा, म्हणजे फाइलमध्येच लिहून ठेवलेल्या गाण्याच्या माहितीचा प्रताप. १९९६ सालच्या मूळ आयडी३ टॅगमध्ये फाइलच्या शेपटाला १२८ बाइट जोडलेले असत. त्यातले ३० शीर्षकाला, आणि संगीतप्रकारासाठी नुसता एक आकडा. ऐंशी प्रकारांच्या त्या यादीत पोल्का या युरोपीय नाचाच्या संगीताला ७५ हा स्वतंत्र क्रमांक आहे. अंगाईला नाही. अंगाईने आपली १२ व्या क्रमांकाच्या ‘इतर’मध्ये पथारी पसरायची.

पण माझ्या अंगाईचं नशीब त्याहून थोर. ऑडिओ सीडीवर बहुधा गाण्यांची नावं नसतातच. गाणी उतरवून घेताना संगणक ट्रॅकच्या लांब्या मोजतो आणि इंटरनेटवरच्या यादीत जुळणारी सीडी शोधतो. माझी अंगाईची सीडी कुठल्याशा हेवी मेटल अल्बमशी जुळली. तेव्हापासून बाळाला झोपवणाऱ्या गाण्याच्या मुखपृष्ठावर आगीत उभी कवटी आहे. ती तीनदा काढली. दर अद्ययावतीनंतर ती परत येते.

ज्या सीडी कशाशीच जुळल्या नाहीत, त्यांची सगळी गाणी ‘अज्ञात कलाकार’ यांच्या नावावर जमा. माझ्या संग्रहात याच्याइतका कष्टाळू माणूस दुसरा नाही. बासरी वाजवतो, बायकी आवाजात गातो, मध्येच व्याकरणाचे धडेही देतो. त्याच्या त्रेचाळीस रचनांचं नाव एकच : ‘ट्रॅक १’.

आणि तेव्हा लक्षात आलं, मला हवं असलेलं गाणं अशाच एका न जुळलेल्या सीडीवरचं पहिलंच होतं.

बसलो मग एकेक ‘ट्रॅक १’ लावत. पाच सेकंद ऐकायचं, पुढचा लावायचा. सतराव्याला पडद्यावर एक चौकट उगवली : ‘अज्ञात कलाकार तुम्हाला फार आवडतात असं दिसतं. त्यांच्यासारखे आणखी कलाकार सुचवू का?’