‘रोज चिमूटभर द्या, सवय होईल’ म्हणणाऱ्यांना

पालकांच्या ग्रुपवर हा मजकूर पुन्हा फिरतोय: ‘अ‍ॅलर्जी म्हणजे आजकालच्या मुलांचे चोचले. सोसत नाही तो पदार्थ रोज चिमूटभर द्या, सवय होते. दप्तरात अ‍ॅलर्जीची गोळी ठेवा, शाळेत वेगळं बसवा, काळजी मिटली.’ माझ्या मुलीला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे, म्हणून गप्प बसवत नाही.

आधी ती चिमूट. शार्ल रिशे या फ्रेंच शास्त्रज्ञालाही हेच वाटलं होतं. समुद्रफूल या समुद्री प्राण्याचं विष थोडं थोडं देऊन कुत्र्यांना त्याची सवय लावायची. पहिला डोस पचवलेला कुत्रा काही आठवड्यांनी छोट्याशा डोसने मिनिटांत कोसळला आणि मेला. या उलट्या प्रकाराला १९०२ साली ‘अ‍ॅनाफिलॅक्सिस’ (आज अ‍ॅलर्जीच्या जीवघेण्या झटक्याला म्हणतात तेच) हे नाव मिळालं आणि १९१३ साली रिशेंना नोबेल.

यावर हमखास २०१५ च्या संशोधनाचा दाखला येतो. तो खरा आहे, पण अर्धाच सांगतात. शेंगदाण्याचा अंश लवकर खाऊ लागलेल्या बाळांत पाचव्या वर्षी अ‍ॅलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी आढळली. ती बाळं होती ४ ते ११ महिन्यांची आणि त्वचेच्या चाचणीत मोठी गांध उठलेल्यांना अभ्यासात घेतलंच नव्हतं. म्हणजे तो अ‍ॅलर्जी होऊ नये यासाठीचा उपाय. झालेल्या अ‍ॅलर्जीवर डोस वाढवत नेणारे उपचारही आहेत, पण त्यांची सुरुवात डॉक्टरांसमोर, अर्ध्या मिलिग्रॅम प्रथिनाने होते. तुमच्या चिमटीतल्या पुडीत त्याच्या शंभरपट तरी असेल.

गोळीने खाज आणि गांधी कमी होतात. आवळणारा घसा आणि कोसळणारा रक्तदाब तिला थांबवता येत नाही. तिथे अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शनच लागतं, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, आणि लगेच. मग मुलाला आडवं ठेवायचं, चालवायचं नाही. धाप लागली असेल तर बसू द्यायचं. बरं वाटलं तरी दवाखाना चुकवायचा नाही, कारण काही तासांनी त्रास उलटू शकतो. हे इंजेक्शन पेनच्या आकाराचं मिळतं; घरी आम्ही सुई नसलेल्या पेनवर सराव करतो. मुलगी ते मांडीवर दाबते, तोंडाने ‘खट्ट’ म्हणते आणि आकडे मोजते. शाळेत मात्र तिचं पेन कुलूपबंद कपाटात होतं आणि किल्ली ऑफिसात. एकदा घड्याळ लावून पाहिलं: सहा मिनिटं! आता ते वर्गातच असतं, बाईंच्या हाताशी.

राहिलं वेगळं बसवणं. २००३ साली शेंगदाण्याची तीव्र अ‍ॅलर्जी असलेल्या ३० मुलांना पीनट बटरचा वास दिला, ते त्वचेला लावलं. कुणालाही गंभीर त्रास झाला नाही. (शिजणाऱ्या माशाच्या वाफेची गोष्ट वेगळी.) खरी भीती पोटात जाण्याची: उष्टा चमचा, बरबटलेली बोटं. सॅनिटायझरने प्रथिन निघत नाही, साबण-पाण्याने निघतं. बाकावरच्या मैत्रिणीला हे एकदाच सांगितलं. डबा संपला की ती हात धुऊन येते आणि दोन्ही ओले तळवे आमच्या लेकीच्या नाकासमोर धरते, तपासणीसाठी.