आधी रिकाम्या खुर्च्या भरा, मग श्वास बघायला शिकवा

डोकं इतकं तापलंय की आज झोप लागायची नाही. म्हणून लिहिते. लांबलंय, पण वाचा.

माझी भावजय एका खाजगी बँकेत आहे. नाव लिहीत नाही, तिच्या नोकरीचा प्रश्न आहे. आज शनिवार, संध्याकाळची वेळ, आणि ऑफिसनं ताण कमी करण्यासाठी माइंडफुलनेसचा ऑनलाइन वर्ग ठेवलेला. मनात आलं तर या, असं नाही. कॅमेरा चालू हवा, हजेरी लागणार. मी दुपारपासून त्यांच्याकडेच होते, त्यामुळे सगळं माझ्यासमोर घडलं. कणीक मळता मळता तिनं फोन मिसळणाच्या डब्याला टेकवून ओट्यावर उभा केला. पलीकडून एक बाई सांगत होत्या, डोळे मिटा, खांदे सैल सोडा, श्वास येतोय, जातोय, तेवढंच बघा. ही मला हळूच म्हणाली, "ताई, कुकर बंद करशील का? मी म्यूटवर आहे." आणि तिनं डोळे मिटले. तेवढ्यात स्क्रीनच्या वरच्या कडेला मॅनेजरचा मेसेज: आजचे आकडे अजून आले नाहीत. तिनं एक डोळा उघडला, मान जरासुद्धा न हलवता कणकेच्या अंगठ्यानं उत्तर टाइप केलं आणि डोळा परत मिटला. काचेवर पीठ तसंच.

हा छळ आहे. दुसरा शब्द मला सुचत नाही. तिच्या शाखेतल्या एका मुलीची बदली होऊन कित्येक महिने झाले, तिच्या जागी कुणी आलं नाही. दोघींचं काम ही एकटी ओढते. आणि उपाय काय, तर तू श्वास बघ! आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

वर्ग घेणाऱ्या बाईंचा यात काही दोष नाही. त्या नीट शिकवत होत्या. आणि ध्यान मला परकं नाही, हे माझ्या ओळखीतल्या सगळ्यांना माहीत आहे. सकाळी कमाटीबागेत चालून झालं की मी रोज थोडा वेळ बसते. आई गेली त्या वर्षी या बसण्यानंच मला सावरलं. मनात काय काय येतं, किती वेळ राहतं, आपोआप कसं विरतं, हे बघता आलं की माणूस दुःखातही उभा राहतो. म्हणूनच त्याचा असा वापर झाला की जिवाला लागतं.

आणि हे आपल्या बडोद्यात व्हावं! जानेवारी 1908 मध्ये, सुरतची काँग्रेस आटोपून अरविंदबाबू, म्हणजे पुढचे योगी अरविंद, इथे आले. तेरा वर्षं याच गावात नोकरी केलेला माणूस. विष्णू भास्कर लेले या आपल्या मराठी योग्यानं त्यांना आधी काय सांगितलं? काही दिवस राजकारण बाजूला ठेवा. मग लोकांपासून दूर, एका खोलीत तीन दिवस दोघं बसले. विचार बाहेरून आत येताना दिसतील, ते आत शिरण्याआधीच परतवा, असं लेल्यांनी सांगितलं, आणि अरविंदांचं मन तिथे शांत झालं. आधी ओझं उतरवलं, मग बसवलं. इगतपुरीला धम्मगिरीत 1976 पासून विपश्यना ध्यानाची शिबिरं चालतात, तिथेही तेच. दहा दिवस मौन, फोन जमा, जेवण तयार. तिथे कुणी तुमच्याकडे आजचे आकडे मागत नाही.

अमेरिकेतही हे असं फुटकळ सुरू झालं नव्हतं. जॉन कबात-झिन यांनी 1979 साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या दवाखान्यात माइंडफुलनेसचा हा कार्यक्रम सुरू केला, तो जुनाट दुखण्यांनी पिचलेल्या, औषधांनी पुरता आराम न पडलेल्या लोकांसाठी. आठ आठवडे, आणि घरी रोज जवळपास पाऊण तास सराव. याच 1979 साली रॉबर्ट कॅरासेक या संशोधकांनी कामाच्या ताणावर लिहिलं. काम भरपूर, आणि ते कसं, कधी, किती करायचं हे मात्र आपल्या हातात नाही, असं झालं की माणूस खचतो. हे वाचताना मला भावजयच दिसते. टार्गेट वरून येतं, रजा वरून मंजूर होते, श्वास बघायची वेळसुद्धा वरूनच ठरते. लंडनच्या सरकारी नोकरांचा 1967 पासून अभ्यास झाला, त्यातही खालच्या पायरीवरची माणसं वरच्या साहेबांपेक्षा हृदयविकारानं कितीतरी जास्त मेली. ऑफिसांना 1979 मधल्या या दोन गोष्टींतली पहिली, ध्यानाची, तेवढी आवडते, कारण त्यात नवा माणूस नेमावा लागत नाही.

मान्य, 2014 मध्ये 47 चाचण्या एकत्र तपासल्या तेव्हा चिंता, नैराश्य आणि वेदना यांत ध्यानानं थोडाफार फरक पडलेला दिसला. व्यायाम किंवा औषधांपेक्षा ते सरस मात्र ठरलं नाही. आणि ब्रिटनमधल्या 46 हजारांवर नोकरदारांची माहिती 2024 मध्ये छापून आली, त्यात ऑफिसनं दिलेले असले वर्ग आणि ॲप घेणारे न घेणाऱ्यांपेक्षा बरे आढळले नाहीत.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. वर्ग संपल्यावर मी पोळ्या लाटायला घेतल्या, तेव्हा ती म्हणाली, "ताई, त्या बाई छान सांगत होत्या गं. नीट ऐकायला मिळालं असतं तर बरं झालं असतं." तिलाही ते हवं होतं, हे ऐकून मला जास्त वाईट वाटलं. तिला मी म्हटलंय, सकाळी माझ्याबरोबर बागेत ये, फोन घरी ठेवून. येईल तेव्हा येईल.

ज्यांची झोप उडाली आहे, ज्यांना जगणं नकोसं झालंय, त्यांनी मात्र नुसतं श्वास बघत बसू नका. डॉक्टरांकडे जा. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन 14416, फुकट आहे, रात्रीही लागते.

आता माझ्या यादीतल्या साहेब मंडळींना. मकरपुऱ्यात कारखाने चालवणारे आहात, शाखा सांभाळणारे आहात, शाळांचे विश्वस्त आहात. सोमवारी आधी बघा, तुमच्याकडे किती खुर्च्या रिकाम्या आहेत आणि त्यांचं काम कोण करतंय. घरी गेलेल्या माणसाला मेसेज टाकू नका. ध्यानाचा वर्ग ठेवायचाच असेल तर कामाच्या वेळेत ठेवा, दार लावून, कॅमेऱ्याशिवाय, हजेरीशिवाय. ज्याला यायचंय तो येईल.

आणि तिच्या शाखेतल्या कुणाच्या नजरेला हे पडलं, तर तिला विचारूनच टाकलंय.