मेसा व्हर्देची माणसं गायब झालेली नाहीत

परवा काकांनी घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला आणि संध्याकाळपर्यंत माझ्या सातवीतल्या भाचीने तो शाळेच्या प्रकल्पवहीत उतरवूनही काढला. कड्याच्या पोटातल्या दगडी घरांचा फोटो आणि खाली मजकूर: अमेरिकेच्या वाळवंटातली ‘अनासाझी’ जमात ७०० वर्षांपूर्वी एका रात्रीत गायब झाली, तिचा एकही वंशज उरला नाही. घरांची दारं इतकी बुटकी की राहणारे परग्रहावरचेच असणार. आणि तिथे स्वस्तिक सापडतं, म्हणजे ते मूळचे आपले. परग्रहावरचे की आपले, एवढं तरी लिहिणाऱ्याने आधी ठरवायचं होतं. असलं काही मुलांच्या वहीत जातं तेव्हा गप्प बसवत नाही.

फोटो कोलोरॅडोतल्या मेसा व्हर्देचा आहे, तिथल्या ‘क्लिफ पॅलेस’चा. सुमारे १५० खोल्या आणि २३ किवा, म्हणजे धार्मिक विधींसाठी जमिनीत खोदलेल्या गोल खोल्या.

दारांचं घ्या. तिथल्या राष्ट्रीय उद्यानाच्या माहितीनुसार पुरुषांची सरासरी उंची ५ फूट ४-५ इंच आणि बायकांची ५ फुटांच्या आसपास होती. त्या काळी युरोपातली माणसंही एवढीच होती. मेसा म्हणजे सपाट माथ्याचा डोंगर, आणि हा साधारण ७,००० फुटांवर आहे. हिवाळ्यात बर्फ पडतो. दार लहान ठेवलं की आतली ऊब आत राहते, एक दगडी फरशी लावली की बंद होतं. परग्रहवासी म्हणणाऱ्याने एकदा त्या भिंतींकडे जवळून पाहावं. दगडांच्या मधे माती, पाणी आणि राख कालवून केलेला गारा आहे, त्या गाऱ्यात दगडाच्या बारीक कपच्या एकेक करून दाबून बसवल्या आहेत, आणि काही ठिकाणी गारा दाबणाऱ्या बोटांचे ठसे अजून दिसतात. माणसांच्या बोटांचे. त्या हातांचं श्रेय काढून घेतलं जातं याचा मला सगळ्यात जास्त राग येतो.

‘एका रात्रीत’ हेही खोटं. ए. ई. डग्लस या खगोलशास्त्रज्ञाने झाडाच्या वार्षिक वलयांवरून लाकडाचं वय काढायची पद्धत बसवली. १९२९ मध्ये ॲरिझोनातल्या शो लो इथे सापडलेल्या एका तुळईने वलयांच्या मालिकेतली तुटलेली कडी जुळली आणि या घरांच्या तुळया कोणत्या वर्षी तोडल्या ते कळू लागलं. मेसा व्हर्देतलं बांधकाम १२८० च्या सुमारास थांबतं. वलयं आणखी एक गोष्ट सांगतात: १२७६ ते १२९९ असा लांबलचक दुष्काळ पडला होता. मका, घेवडा, भोपळ्यावर जगणारी माणसं दक्षिणेकडे निघाली, काही आधी, काही नंतर.

एक मात्र मान्य करावं लागेल. एका पिढीच्या आत एवढा मोठा प्रदेश रिकामा झाला, हे खरं आहे. काही वस्त्यांमध्ये कत्तलीच्या खुणाही सापडल्या आहेत, त्यामुळे नुसता दुष्काळ म्हणून भागत नाही. पण “मग मावशी, ती गेली कुठे?” या भाचीच्या प्रश्नाचं उत्तर कुणापासून लपलेलं नाही. रिओ ग्रांदे नदीच्या खोऱ्यात, झुनी आणि ॲकोमा या गावांत, होपी या मूळ अमेरिकी लोकांच्या मेसांवर. आपल्याकडेही १९७२ च्या दुष्काळात माणसं गाव सोडून मुंबई-पुण्याला आली. ती संपली असं कुणी म्हटलं तर आपण ऐकून घेऊ का?

स्वस्तिकासारखं चिन्ह होपींकडे होतं, त्यांच्या कुळांच्या स्थलांतराशी जोडलेलं. तसं चिन्ह जगात अनेक ठिकाणी आढळतं. त्यावरून नातं जोडता येत नाही.

आता ‘एकही वंशज उरला नाही’. यातलं हे सगळ्यात घातक वाक्य. न्यू मेक्सिकोत आज १९ प्वेब्लो आहेत (प्वेब्लो म्हणजे या मूळ लोकांचं गाव, आणि तिथले लोकही), ॲरिझोनात होपी आहेत. ‘अनासाझी’ हा नावाहो भाषेतला शब्द, अर्थ साधारण ‘शत्रूंचे पूर्वज’. प्वेब्लो लोकांना तो नकोसा आहे, म्हणून आता ‘पूर्वज प्वेब्लो’ म्हणतात. आपण कोण हे त्यांना कायम ठाऊक होतं. तरी २०२५ मध्ये पिकुरिस प्वेब्लोने स्वतः पुढाकार घेऊन केलेला जनुकीय अभ्यास ‘नेचर’मध्ये आला. गावातल्या १३ हयात माणसांचे आणि १६ जुन्या अवशेषांचे नमुने तपासले, आणि मेसा व्हर्देच्या दक्षिणेला असलेल्या चाको कॅन्यनच्या जुन्या रहिवाशांशी (तेही पूर्वज प्वेब्लोच) त्यांचं जवळचं नातं निघालं. त्यांचे वडीलधारे तेच सांगत आले होते.

वारस नाहीत म्हटलं की माल बेवारस ठरतो. १८९१ मध्ये गुस्ताफ नूर्देनशल्ड या तरुण स्वीडिश संशोधकाने मेसा व्हर्देत उकरून काढलेल्या वस्तू आणि माणसांची हाडंसुद्धा युरोपात नेली. ती फिनलंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात पडून राहिली. होपी, झुनी, ॲकोमा आणि झिया यांनी ती परत मागितली. २०२० मध्ये सुमारे २० जणांचे अवशेष आणि त्यांच्यासोबत पुरलेल्या २८ वस्तू परत आल्या आणि मेसा व्हर्देच्याच मातीत पुन्हा पुरल्या गेल्या.

भाचीने वहीतलं पान बदललं आहे. काकांना हे सगळं मी आज पाठवते आहे.