मोनेच्या उडव्या आणि जांभळ्या सावल्यांचा गैरसमज

फ्रेंच इम्प्रेशनिस्ट चित्रकार क्लोद मोनेच्या गंजींच्या (उडव्यांच्या) चित्राखाली हा मजकूर हमखास फिरतो: ‘इम्प्रेशनिस्ट चित्रकार शेतात उभं राहून एका बैठकीत चित्र संपवत. काळा रंग त्यांना वर्ज्य होता. सावली नेहमी जांभळी. आणि मोनेचे रंग असे दिसतात, कारण त्याला मोतीबिंदू होता.’

मोतीबिंदूचं आधी उरकू. त्याचं निदान झालं १९१२ मध्ये, शस्त्रक्रिया १९२३ मध्ये. जिव्हर्नी या त्याच्या गावच्या शेतातल्या गव्हाच्या उडव्या मोनेने रंगवल्या त्याच्या कितीतरी आधी, १८९०-९१ मध्ये.

‘एका बैठकीत’ हे चित्राजवळ गेलं की टिकत नाही. ओल्या थरावर ब्रश फिरवला तर खालचा रंग वर ओढला जातो, कडा विरघळते. उडव्यांच्या चित्रांत मात्र जाड, खरबरीत थरांवरून वेगळ्या रंगाचे फटकारे स्वच्छ गेलेले दिसतात. म्हणजे खालचा थर वाळलेला होता. जाड तैलरंग वाळायला अनेक दिवस, कधी आठवडे लागतात. शेतात तो अनेक कॅनव्हास ठेवी, प्रकाश बदलला की कॅनव्हास बदली, आणि पुढे स्टुडिओत सगळ्यांवर पुन्हा काम करी. १८९१ च्या मे महिन्यात पॅरिसला द्युराँ-रुएल या चित्रविक्रेत्याच्या दालनात त्यांतली १५ चित्रं लागली.

काळ्याबद्दल अर्धं खरं आहे. १९०५ च्या एका पत्रात मोनेने आपले रंग सांगितले आहेत: पांढरा, कॅडमियम पिवळा, व्हर्मिलियन (शेंदरी लाल), गडद मॅडर (किरमिजी लाल), कोबाल्ट निळा, एमराल्ड हिरवा. काळा नाही. पण त्याचाच इम्प्रेशनिस्ट सोबती रेन्वार याच्या १८७४ च्या ‘ला लोज’ या चित्रामध्ये बाईच्या पोशाखावरचे काळे पट्टेच चित्र तोलून धरतात. तेव्हा ‘त्यांना वर्ज्य’ म्हणू नये. काळ्याविना गडद हवा असेल तर पारदर्शक हिरवा आणि मॅडर मिसळा, थंडावा हवा तर थोडा निळा. त्यात कॅडमियम किंवा व्हर्मिलियन पडलं की चिखल झालाच. ते अपारदर्शक आहेत.

आता सावली, कारण खरं नुकसान याच वाक्याने होतं. उन्हात पडलेल्या सावलीत सूर्य पोचत नाही, पण आकाश पोचतं. बर्फाला स्वतःचा रंग जवळपास नाही, म्हणून त्यावर आकाशाचा निळा उघड दिसतो. मोनेच्या १८६८-६९ च्या ‘ला पी’ या बर्फाच्या चित्रामध्ये तो पाहावा. पिवळ्या धसकटांवर तोच निळा प्रकाश राखट-हिरवट व्हायला हवा. तिथे डोळ्याला जांभळट भास होतो तो शेजारच्या पिवळ्यामुळे. हा परिणाम शव्ह्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३९ मध्येच मांडला होता. ढगाळ दिवशी तर ठळक सावलीच नसते.

बर्फावरच्या सावलीसाठी बहुतांश पांढरा, थोडा कोबाल्ट, टाचणीच्या डोक्याइतका मॅडर. उन्हातला बर्फही ट्यूबमधला कोरा पांढरा नको. त्यात पिवळ्या-लालाचा अगदी स्पर्श हवा. हमखास चूक रंगाची नसते, गडदपणाची असते: सावली इतकी गडद होते की जमिनीत खड्डा वाटतो. फोनवर आपल्या चित्राचा कृष्णधवल फोटो काढा. सावली आणि उडवीची अंधारी बाजू एकच दिसली, तर सावलीत पांढरा वाढवा. मात्र टायटॅनियम पांढरा जपून घाला. जास्त झाला की रंग खडूसारखे फिके पडतात.

हेच ‘जांभळं सूत्र’ कोकणातल्या जांभ्यावर लावलं तर फसतं. तांबड्या दगडावर आकाशाचा निळा पडून मळकट तपकिरी सावली होते, आणि उन्हातल्या अंगणातून उसळलेला तांबडा उजेड भिंतीच्या सावलीला खालून आणखी ऊब देतो.